आधी नातेवाईक बाहेर

आमच्या व्यसनमुक्ती वॉर्डच्या मोठ्या सिस्टरना सगळे हेडमास्तरीणबाई म्हणतात, अर्थात पाठीमागे. चादरीला सुरकुती दिसली की त्यांचं डोकं फिरतं. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं नर्स म्हणून काढली, त्यातली निम्मी त्यांच्यावर चिडण्यात गेली. पण त्या फॉर्मच्या बाबतीत मी बाईंना मानलं.

दारू एकदम सुटली की पहिले काही दिवस जड जातात. हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेले किडे दिसतात. वेळीच औषध मिळालं नाही तर झटके येतात. त्रास किती वाढलाय हे मोजायला दहा प्रश्नांचा परदेशी फॉर्म होता. गुणांची बेरीज वाढली की औषध. आम्ही तो मनातल्या मनात भाषांतर करून विचारायचो, जिला जसं सुचेल तसं. एकदा एका कारकुनाचे गुण चारच भरले आणि दुपारी तो झटक्यात गेला. "ते तर बरं वाटतंय म्हणाले होते," एवढंच त्याची बायको म्हणत राहिली. बाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

मग त्यांनी तो फॉर्म आपल्या भाषेत आणायचं मनावर घेतलं. एका प्राध्यापकांनी करून दिलेला मसुदा होता: 'आपणांस त्वचेवर कंडूची संवेदना होते काय?' ऐकून पेशंट आणखीच घाबरायचे. बाईंनी ते खोडून 'अंगावर काही चालल्यासारखं वाटतं का?' असं लिहिलं. मोठ्या डॉक्टरांनी अट घातली. तीस पेशंट, प्रत्येकाला दोघी नर्सनी वेगवेगळं तपासायचं. एखाद्या गुणाचा फरक धरून आकडे जुळले तर हा फॉर्म, नाहीतर जुनाच.

पहिल्याच आठवड्यात आमची फजिती झाली. एका गवंड्याला माझे पाच, बाईंचे चौदा.

"डोळे मिटून तपासतेस का गं?"

"मग तुम्हीच या ना, बघा उभं राहून!" माझाही पारा चढला.

त्या आल्या. गवंड्याच्या उशाशी सासरे हाताची घडी घालून उभे. मी विचारेन त्या प्रत्येक प्रश्नाला तो "छे, काही नाही" म्हणत गेला, हात मात्र चादरीखाली. बाई नेहमी अंथरूण बदलताना तपासायच्या, तेव्हा सासरे चहाला गेलेले असायचे. त्यांनी सासऱ्यांना दुकानातून दात घासायचा ब्रश आणायला पिटाळलं. ते दाराबाहेर पडले आणि गवंडी रडायलाच लागला.

"सिस्टर, भिंतीवरून किडे उतरतायत. त्यांच्यासमोर कसं सांगू? मुलगी दिलीय त्यांनी मला."

त्याला लगेच औषध लागलं. बाईंनी फॉर्मच्या डोक्यावर पहिली ओळ लिहिली: 'आधी नातेवाईकांना बाहेर पाठवा.'

"मूळ फॉर्ममध्ये ही ओळ नाही," प्राध्यापक म्हणाले.

"मूळ लिहिणाऱ्यांच्या पेशंटजवळ सासरा उभा नसेल."

आम्ही मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली आणि नवे तीस पेशंट तपासले. शेवटच्या दिवशी डॉक्टर दोघींचे कागद शेजारी ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. नऊ, नऊ. बारा, अकरा. शेवटचा, त्याच सकाळी तपासलेला: सतरा, सतरा. तिसावा जुळला तशी मी वॉर्डातच ओरडले. बाई स्टुलावर बसून ढसाढसा रडल्या, आणि डॉक्टरांनी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "साहेब, कौतुक नंतर. हा सतरा गुणांवाला अजून औषधाविना पडलाय."

आता तो फॉर्म सगळ्या वॉर्डांत छापील येतो. त्याला दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत आमच्याकडे झटक्यानं एकही माणूस गेलेला नाही.