बाकल्यावात मीठ किती उरतं?

पीटरशॅमला जायचं कारण सांगायला जरा लाजच वाटते. वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलमध्ये मी आहारतज्ज्ञ. दिवसभर लोकांना काय खावं ते सांगते, आणि घरी माझेच बाबा जेवत नव्हते. बायपासनंतर दादरहून आले ते थेट माझ्या अळणी भाज्यांच्या तावडीत. "भूक नाही गं," एवढंच म्हणायचे. एक दिवस त्यांनी पट्ट्याला नवं भोक पाडलं, तेव्हा मी घाबरले.

सिडनीच्या पीटरशॅममध्ये बाकल्याव, म्हणजे पोर्तुगीजांचा खारवलेला कॉड मासा, मिळतो असं कळलं. मासा म्हटल्यावर बाबांचे कान टवकारले, खारवलेला म्हटल्यावर माझे. नुसतं बघून यायचं ठरलं.

शनिवारी सकाळची ट्रेन घ्या आणि उजवीकडे बसा, समुद्र तिकडे आहे. सेंट्रलला गाडी बदलून एकूण दोनेक तास.

तिथल्या एका छोट्या पोर्तुगीज हॉटेलात शिरलो, बाकल्याव मागवला. प्लेट आली. मासा, चणे, बटाटा, उकडलेलं अंडं, कोबी, वर ऑलिव्ह ऑइल. एका प्लेटीत दोघांचं आरामात होतं, साधारण चाळीस डॉलर. मी मनात तपासायला लागले: प्रोटीन भरपूर, कॉडमध्ये चरबी नावाला, चण्यांचं फायबर. घोडं अडलं मिठापाशी. हॉटेलच्या मालकीणबाईंना गाठलं.

"दोन दिवस भिजवते, लव्ह. चार-पाच वेळा पाणी बदलते."

"मग मीठ किती उरतं? मिलिग्रॅममध्ये?"

त्यांनी जीभ काढून दाखवली. "एवढंच मशीन आहे माझ्याकडे. कच्चा तुकडा चाखते."

बाबा हसले. "आपला खारा बांगडा मी असाच भिजवायचो. तुझ्या आईला बीपी होतं ना. तिला खाता यावं म्हणून."

आई जाऊन सहा वर्षं झाली. घरचा बांगडा अळणी का लागायचा, ते मी कधी विचारलंच नव्हतं. आता विचारलं, "मग मला का नाही बोललास?"

"तू डॉक्टरांची माणूस. म्हटलं, कशाला मध्ये पडा."

थोडंच खा म्हटलं होतं, त्यांनी तेवढंच खाल्लं. पण कोबीसुद्धा संपवली.

येताना तिथूनच न भिजवलेला छोटा तुकडा घेतला. डॉक्टरांना फोन केला. नीट भिजवून, क्वचित, थोडासा चालेल म्हणाले.

बुधवारी सकाळी उठले तर बाबा फ्रिजपाशी, हातात भांडं.

"चौथं पाणी झालं," ते म्हणाले. "जेवायला कधी बसायचं?"

तीन महिने हा प्रश्न मीच विचारत होते.