वाढत्या अंगाचं हेल्मेट

नवऱ्याला आणि दहा वर्षांच्या लेकीला एकदमच डर्ट बाईकचं वेड लागलं. दुकानात लेकीनं मान फिरवली, तर डोकं आतल्या आत फिरलं, वरचं हेल्मेट जागचं हललंच नाही.

"लई ढगळ होतंय की," दुकानदार म्हणाला.

"असू द्या, वाढतं अंग हाय," नवरा म्हणाला. शाळेचे बूटसुद्धा आमच्याकडे असेच, पुढे कापूस कोंबून घालायचे.

वळसंगच्या माळावर पहिल्याच चढाला लेक आपटली आणि हेल्मेट उतारावरून गडगडत माझ्या पायाशी आलं. ते रिकामं आहे, हेच मला क्षणभर कळेना. मग लेक धुळीतून उठली. कपाळ रक्तानं माखलेलं.

नवरा धावत आला, स्वतःचं हेल्मेट ओढू लागला. ते निघता निघेना. स्वतःचं मात्र बरोब्बर मापाचं घेतलं होतं!