दगडूमामांची हाळी

परवा गादीवाल्याने दारात गोणपाट उसवले आणि त्या वासाने मला थेट सोलापूरच्या मालधक्क्यावर नेऊन उभे केले. तीस सालाच्या आसपास मी तिथे कारकून होतो, पण कामापेक्षा नकलांत जास्त वाकबगार.

वॅगनमधून कापसाची गाठ फळीवरून सोडायची, ती खालून मुकादम दगडूमामांनी "येऊ द्याऽऽ" अशी हाळी दिल्यावरच. गाठीआडच्या हमालांना खालचे काही दिसत नसे. त्यांचा सारा भरवसा त्या आवाजावर.

एका दुपारी मामा फळीखाली दगड सारत होते. मला लहर आली आणि मी त्यांच्या आवाजात हाळी दिली. ती इतकी हुबेहूब निघाली की गाठ खरेच आली, मामांच्या पायावर.

गोरा साहेब धावत आला. "कोण ओरडला?"

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिले.

"म्याच की, सायेब. चुकी माजीच हाय."

मामांचा पाय गेला, मुकादमीही गेली. माझी नोकरी राहिली. साऱ्या धक्क्याचे आवाज काढणारा मी, त्या वेळी स्वतःच्या आवाजात एवढेच म्हणालो, "मामांना कुणीतरी पाणी द्या."