खिडकीवरची ओली चादर

प्रयोगशाळेत त्यांना सगळे जपूनराव म्हणत. कुणी काचेची साधी नळी उचलली तरी ह्यांच्या तोंडून "जपून!" निघायचंच. रस्ता ओलांडताना, जिना उतरताना, गॅस पेटवताना, जिथे तिथे त्यांना काहीतरी वाईट घडेलसं वाटे. भित्रेपणात त्यांचा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

कामाला बसले की मात्र हात जरासुद्धा थरथरायचा नाही. गवताचे परागकण राळेत घट्ट बसवायचे आणि हिऱ्याच्या सुरीने त्यांचे काप काढायचे, हे त्यांचं काम. काप इतके पातळ की शेजारी कुणी शिंकलं तरी वाया जायचे. मग त्यांवर सोन्याचे अतिसूक्ष्म ठिपके सोडायचे. ॲलर्जी करणारं प्रथिन जिथे असेल तिथेच ते बसतात, म्हणजे ते कणाच्या पोटात नेमकं कुठे दडलंय हे कळतं.

आणि घरी त्यांची एकुलती एक लेक, बबडी. तिला दमा, तोही ह्याच गवताचा! घरामागच्या मैदानात गवत फुलोऱ्यावर आलं की पोरीची छाती शिट्टीसारखी वाजू लागे आणि जपूनराव रात्रभर तिच्या उशाशी बसून राहत. कामावरून निघताना ते अंघोळ करून, कपडे बदलून निघत, तरी दाराशी येऊन मनगटं हुंगून बघत. परागांना वास नसतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण भीतीला कुठलं शहाणपण!

या हंगामात त्यांनी एक उपाय काढला. प्रयोगशाळेत पराग सांडले तर कोरडं झाडायचं नाही, ओल्या फडक्याने टिपायचं, असा नियम होता. तोच त्यांनी घरी आणला. बबडीच्या खिडकीवर ओली चादर टांगली. बाहेरचे कण तिला चिकटतील, आत येईल ती स्वच्छ हवा. "अगं, गाळणी आहे ही, गाळणी!" बायकोला ते कौतुकाने म्हणाले. आणि लेकीला सांगितलं, "धाप लागली की चादरीजवळ बसायचं. घाबरायचं नाही."

धाप काही कमी होईना. उलट वाढली.

"अहो, काढा ती चादर," बायको म्हणाली. "वाळते नि नुसती फडफडते."

"वाळते म्हणूनच तर त्रास होतो," म्हणत ते चादर आणखी भिजवू लागले.

तिकडे प्रयोगशाळेतही काही केल्या जमत नव्हतं. सोन्याचे ठिपके सालीवर, कणाच्या बाहेर, कुठेही विखुरलेले दिसायचे. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम वैतागल्या होत्या. शेवटी त्यांच्याच लक्षात आलं की पहिल्या पायरीला आपण कण पाण्यातल्या द्रावणात बुडवतो, आणि हे प्रथिन तर पाण्यात झटकन विरघळतं. काप काढेपर्यंत ते जागा सोडून पसार झालेलं असतं. मग पाणी बंद झालं. कण रसायनाच्या कोरड्या वाफेवर पक्के करून जपूनरावांनी नवे काप काढले.

त्या दुपारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर चित्र उमटलं. ठिपके कणाच्या आत होते, पिष्टाच्या बारीक बारीक दाण्यांवर गच्च बसलेले.

"सापडलं!" मॅडम ओरडल्या. "आता गंमत बघा, जपूनराव." त्यांनी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कोरडे पराग ठेवले आणि वर पाण्याचा थेंब सोडला. जपूनराव वाकून बघत होते. एक कण फुगला, फुटला, आणि त्याच्या पोटातून दाण्यांचा लोंढा बाहेर पडला.

"अख्खा कण नाकातच अडकतो बहुधा," मॅडम रंगात येऊन सांगत होत्या. "हे दाणे मात्र थेट छातीत उतरतात."

"आणि... पाणी वाळलं की?"

"वाऱ्याबरोबर उडतात. का हो?"

जपूनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. चादर ओली, मग कोरडी, मग पुन्हा ओली. तिच्यातून येणारा वारा, आणि त्या वाऱ्यात बसलेली त्यांची पोर. बबडी एव्हाना शाळेतून आली असेल. बायको कामावर. त्यांनी घरी फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. मग ते अंगातला प्रयोगशाळेचा कोटही न काढता धावत सुटले. लाल दिवा असताना रस्ता ओलांडला, जिना दोन दोन पायऱ्या गाळत चढले. किल्ली कुलपात शिरेना.

बबडी खिडकीशी होती. ओली चादर दोन्ही हातांनी तोंडावर दाबून धरलेली, खांदे वरखाली होत होते.

"बाबा... मीच... भिजवली... सारखी सारखी."

त्यांनी तिला उचललं, आतल्या खोलीत नेलं, कोट बाहेरच फेकला, दार लावून घेतलं. दम्याचा पंप तिच्या तोंडाला लावला. "ओढ. धरून ठेव. आता सोड." तिचे ओठ निळसर दिसत होते. आता ही आपल्याच हाताने गेली, असं त्यांना वाटलं, आणि त्यांना रडताही येईना. हळूहळू शिट्टी बारीक झाली. ओठांवर रंग आला.

"चादर लाव ना, बाबा. मला भीती वाटते."

"नको, बबडे. त्या चादरीनंच होत होतं बहुतेक." त्यांनी तिचे ओले हात टिपले. "माझं चुकलं गं."

ते उठले आणि तिच्यासाठी पेल्यात पाणी घेऊन आले. तिने पेला ओठांपर्यंत नेला आणि थांबली.

"हे चालेल ना?"

"चालेल की. पी."

"नक्की?"

"अगं, नक्की."

तिने पेला खाली ठेवला. म्हणाली, "आई येऊ दे. मग पिते."