अनसूयाबाईंच्या बागेतली बंगली

अनसूयाबाईंचा स्वभाव मुळातच संशयी. गवळ्याने शपथ घेतली तरी दुधात बोट बुडवून बघायच्या. "देवळातला पेढासुद्धा हुंगून तोंडात टाकतील," असं लोणावळ्याच्या बाजारात लोक म्हणत, आणि ते त्यांच्या कानावर आलेलं होतं.

यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी खंडाळ्याच्या रस्त्याला स्वतःच्या कमाईतून एक बैठं घर बांधलं, मागे बाग केली, आणि बाग नीट लागायच्या आतच ते गेले. मूलबाळ नव्हतं. घरात अनसूयाबाई आणि कामाला राहिलेली वराळ्याची सरुबाई, एवढ्याच.

यजमानांचे धाकटे भाऊ केशवराव पुण्याला कचेरीत होते. वर्षश्राद्धाला यायचे, जेवून संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. सन चौतीसच्या संक्रांतीनंतर मात्र ते काही निमित्त नसताना आले. हातात संत्र्यांची करंडी होती.

"वहिनी," चहा पिता पिता ते म्हणाले, "बागेत तुम्हाला बसायला एक छानशी बंगली बांधू या. खंडाळ्याला शेठ लोकांच्या बागांत असते ना, समरहौस म्हणतात, तशी. खर्चाचं माझ्याकडे लागलं."

अनसूयाबाईंनी संत्र्यांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाने साधं केळं आणलं नव्हतं.

पण त्या नको म्हणाल्या नाहीत. कारण बागेत बसायला काहीतरी करायचं, हे यजमानांच्याही मनात होतं. शिवाय सगळ्यांवर संशय घ्यायची आपली खोड त्यांना ठाऊक होती. भावाच्या आठवणीने भावजींच्या मनात आलं असेल, त्यातही वाकडं शोधायचं का?

दुसऱ्या दिवसापासून त्या सरुबाईला घेऊन बागेत जागा बघत फिरू लागल्या. जांभळाखाली सावली होती, पण फळं गळायला लागली की लुगड्याला डाग पडणार. रस्त्याच्या बाजूला धूळ. पश्चिमेच्या कडेला मात्र जमीन जरा उंच होती. तिथून नागफणीच्या डोंगराचं टोक दिसायचं आणि संध्याकाळचा वारा अंगावर यायचा.

"हितंच बरं हाय बाई," सरुबाई म्हणाली. "वारा लय ग्वाड येतुया."

केशवराव पुन्हा आले तेव्हा त्यांना ती जागा पसंत पडली नाही. "विहिरीजवळ घेऊ. तिथं गारवा असतो."

"विहिरीजवळ डास असतात, भावजी."

"त्याचं बघू. आणि तीन बाजूंनी भिंती घालू. तुमच्याकडचा पाऊस आडवा येतो."

समरहौस म्हणजे उन्हाळ्यात बसायची जागा, एवढं त्यांना समजलं होतं. मग पावसाची काळजी कशाला? अनसूयाबाईंनी मनात नोंद केली. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. भिंती आणि विहीर. डोळे मिटले की दोन्ही एकमेकांशेजारी येऊन उभ्या राहत.

आठवड्याने दत्तोबा गवंडी फक्की घेऊन आला आणि विहिरीजवळ जमिनीवर पांढऱ्या रेघा आखू लागला. केशवरावांनी त्याला पुण्याहून परस्पर निरोप धाडला होता. अनसूयाबाई पदर खोचून तिथे जाऊन उभ्या राहिल्या. मोठ्या चौकोनाच्या पोटात कोपऱ्याला एक लहान चौकोन होता.

"हे काय दत्तोबा?"

"मोरी, बाई. पाणी पलीकडच्या केळीत जाईल."

"आणि ही भिंतीतली खूण?"

"धुराडं. चुलीसाठी." दत्तोबाने फक्कीचे हात झटकले. "तुमास्नी ठावं न्हाई व्हय? मला वाटलं तुमीच सांगितलंया."

"काम थांबव," अनसूयाबाई म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत दगड लावू नकोस."

त्यांनी केशवरावांना काही कळवलं नाही. ते रविवारी आपणहून आले. त्यांना जेवायला वाढलं, ताक दिलं, आणि हात धुऊन ते ओसरीवर बसल्यावर अनसूयाबाईंनी विचारलं, "भावजी, बागेत वाऱ्याला बसणाऱ्या बाईला मोरी कशाला लागते?"

"सोय असावी म्हणून."

"आणि चूल?"

केशवराव सुपारी कातरत राहिले. मग अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "मुंबईचे एक शेठ हवेसाठी घर शोधताहेत. कायमचं घेतील. तुम्हाला एकटीला एवढं घर काय करायचंय? मागे बंगलीत तुम्ही सुखाने राहाल. विहीर हाताशी. मी शब्द दिलाय त्यांना."

"कुणाच्या घराचा?"

केशवरावांनी अडकित्ता पुन्हा उचलला.

अनसूयाबाईंना वाटलं होतं की आपल्याला संताप येईल. तसं झालं नाही. आधी एकदम हायसं वाटलं. आपण वेड्या नव्हतो, आपला संशय खरा होता. मग वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाटलं होतं की आपलं चुकावं.

"बंगली होणार," त्या म्हणाल्या. "पण पश्चिमेच्या कडेला, आणि माझ्या खर्चाने. आठ खांब, वर कौलं, बसायला दगडी कट्टा. भिंत नको, दार नको."

"वहिनी, पावसात तिचा काय उपयोग?"

"पावसात मी माझ्या घरात बसेन."

केशवराव त्याच दुपारच्या गाडीने गेले. श्राद्धालासुद्धा पुढे चार वर्षं आले नाहीत.

दत्तोबाने शिमग्याच्या आत काम उरकलं. अनसूयाबाई रोज तिथे उभ्या असायच्या. चौथऱ्याखाली कुठे नळ तर टाकत नाही ना, म्हणून त्यांनी एकदा भरलेली माती उकरायला लावली. दत्तोबा चिडला, पण त्याने उकरून दाखवलं. खाली नुसता मुरूम होता.

उन्हाळ्यात त्या तिथे भाजी निवडत, वाती वळत. हळूहळू शेजारच्या बायकाही येऊ लागल्या. कोण कशासाठी येतं, याचा अंदाज घेतल्याशिवाय अनसूयाबाई कुणाला चहा विचारत नसत, पण विचारत.

एकेचाळीसच्या उन्हाळ्यात केशवरावांना छातीचा विकार झाला आणि डॉक्टरांनी हवापालट सांगितला. त्यांची बायको पत्र न लिहिता स्वतः आली आणि दारात उभी राहून रडली. अनसूयाबाईंनी पुढची खोली झाडून घेतली. महिनाभर केशवरावांना पेज करून घातली. कपाटाच्या किल्ल्या मात्र तेवढे दिवस उशीखाली घेऊन झोपल्या.

जायच्या आदल्या संध्याकाळी केशवराव काठी टेकत बंगलीपर्यंत आले आणि कट्ट्यावर बसले. घाटातून गाडीची शिटी आली.

"दादाला ही जागा आवडली असती," ते म्हणाले.

"हो," अनसूयाबाई म्हणाल्या.

त्या शेठला तेव्हा नेमकं काय कबूल केलं होतं, हे विचारावं असं त्यांच्या मनात आलं. पण खरं सांगतील याची खात्री नव्हती. त्यांनी शाल पुढे केली, आणि वारा वाढला तसं दोघांनाही आत चलायला सांगायला सरुबाई आली.