हलकं रीळ, जड रीळ

महागड्या वस्तूंवर माझा मुळातच राग आहे, हे आधी सांगून टाकते. पाण्याच्या हक्काची पत्रकं लिहून लिहून सवयच लागलीय. समोर काहीही आलं की पहिला प्रश्न, हे कुणासाठी? त्यामुळं केजच्या बाजारात किराणा दुकान चालवणाऱ्या अप्पांनी मासे धरायची दोन भारीतली रिळं आमच्या ओट्यावर आणून ठेवली, तेव्हा मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "थांब. आधी बघू दे."

दादा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. मांजरा धरणाच्या फुगवट्यावर ते आणि अप्पा वर्षानुवर्षं जोडीनं जायचे. दादांचं सामान म्हणजे दुधाच्या पावडरीच्या डब्याला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आणि एक गळ. अप्पांची तऱ्हा वेगळी. गळ्यात लिंग, सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलेलं नाही, आणि वेड मासे धरण्याचं. धरलेला मासा ते हात जोडून परत पाण्यात सोडतात. दादा घरी आणतात, माय कालवण करते. या एका मुद्द्यावर दोघं कधीच एक झाले नाहीत, आणि त्यावाचून दोघांचं काही अडलंही नाही.

मग दादांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मागं राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो दादांनी एकदाही दाबला नाही. बाजार बंद, धरण बंद, पारावर बसणं बंद. दारात कुणी आलं की हात टॉवेलखाली. तहसीलच्या दारात उभी राहून साहेबांना जाब विचारणारी मी, पण घरातल्या बापाला "चला, बाहेर पडा" एवढं म्हणायची माझी छाती होईना.

अप्पांनी ते वेगळ्या वाटेनं म्हटलं.

"डब्यावर तंगूस गुंडाळायला दोन धड हात लागतेत, डायवर. ह्याला डाव्या हातात काठी धरायची, उजव्यानं नुसता दांडा फिरवायचा. जे जमंल ते तुमचं."

"दोन काहून आणलेत?" दादांनी विचारलं.

"दोन कंपन्या हायत. सवती सवती. चार महिने मोबाईलवर बघायलोय. निम्मे म्हणतेत हे घ्या, निम्मे म्हणतेत ते घ्या. माझं डोस्कं उठलं, दोन्ही मागवले."

तुलनेचं काम मी माझ्याकडं घेतलं. कागदाला मधोमध रेघ मारली. एक रीळ काळं, पिसासारखं हलकं. दांड्याला बोट लावलं की फिरायला लागतं. दुसरं चंदेरी, सगळं अंग धातूचं, हातात घेतल्यावर वजन जाणवतं. पहिला वळसा द्यायला जोर लागतो. बाकी दोन्ही तोडीस तोड. मोठा मासा ओढायला लागला की तंगूस तुटू न देता थोडा थोडा सोडणारी चकती दोन्हींत. माहितीपत्रकंही दोन्हींची तेवढीच फुगलेली: धातू कुठला, बेअरिंग किती, दाते कसे कापले. माझा आक्षेप इथंच आहे. एवढ्या चकचकीत पानांत एक ओळ नाही, की ज्याचा हात अर्धाच ऐकतो त्यानं कोणतं घ्यावं. तो माणूस यांच्या हिशेबातच नाही. मग निकाल मीच देऊन टाकला. अशक्त हाताला हलकं रीळ. यात चर्चा कसली?

दादांनी डाव्या हातानं काळं रीळ फिरवून कानाशी धरलं.

"ह्यात खर हाय, बारीक रेतीवानी."

"नवं कोरं हाय, डायवर! पाणी लागलं न्हाई अजून," अप्पा उखडले.

"मग करकर कशाची?"

मी रीळ उलटं करून झटकलं. कागदावर हळद पडली. मग कुंकू. मग एक अक्षता.

अप्पांनी ती अक्षता उचलून कपाळाला लावली. मग हळूच म्हणाले, "खंडेनवमीला तराजूसंगं पुजलंय."

आमच्याकडं त्या दिवशी विळा, शिलाई मशीन, जीप, कशाचीच पूजा चुकत नाही. पण जीपच्या टपावर टाकलेलं कुंकू इंजिनात जात नाही. अप्पांनी झाकण काढून थेट दात्यांवर वाहिलं होतं. देवाला आतून दिसावं म्हणून.

"आणि चंदेरी?" मी विचारलं.

"ते मागून आलं. त्याला नुसता नारळ दाखवला."

मी निवड रद्द झाल्याचं जाहीर केलं. एका उमेदवाराच्या डोळ्यात कुंकू टाकून मतदान घेत नसतात. दादा म्हणाले, "भाषण नको. पेचकस आन."

आत हात घालू नका, असं माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. दादांनी जुनी चादर अंथरली आणि रीळ उघडलं. डाव्या हातानं पेच काढायचे, उजव्यानं रीळ मांडीवर दाबून धरायचं. तिळाएवढे पेच उजव्या चिमटीतून निसटायचे, दादा शिव्या द्यायचे, पुन्हा उचलायचे. मी वाकले की, "हात लावू न्हको. गिअरबॉक्स बघितलाय का कवा?" एक कडी उडाली ती मायला झाडताना कपाटाखाली सापडली. "तुमच्या खेळण्यापायी माझी कंबर गेली," म्हणत तिनं ती मुद्दाम दादांच्या उजव्या तळहातावर ठेवली. चौथ्या दिवशी काळं रीळ आवाज न करता फिरलं.

आता खरी परीक्षा पाण्यावर. सकाळी माझ्या स्कूटीवर मागं दादा, हातावर टॉवेल. अप्पा काठ्या घेऊन त्यांच्या गाडीवर.

आधी हलकं. गळाला पत्र्याची चकाकती मासोळी बांधली होती, ती सतत ओढत राहिली तरच पोहते. रीळ लगेच सुरू झालं. पण अर्ध्या वळशात दादांचा हात अडकायचा, रीळही तिथंच थांबायचं, आणि मासोळी तळाला जायची. मग जड. पहिल्या वळशाला दादांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. मी ओठ चावला. पण एकदा हललं तसं ते स्वतःच्या वजनानं फिरत राहिलं. हात जिथं अडायचा तिथून त्याला ओढून पुढं नेऊ लागलं.

"हे हाताला संगं घेऊन जातंय," दादा म्हणाले. "आपली जुनी गाडी अशीच. उठायला जड, पर एकदा उठली की घाट चढायची."

"पण कागदावर तर..."

"कागुद तुझा हाय. हात माझा हाय."

माझं चुकलं होतं. मी ते मोठ्यानं मान्य केलं. अप्पांनी पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

ऊन चढल्यावर मरळ लागली. काठी वाकली, चकती किरकिरली, टॉवेल चिखलात. पलीकडं जाळं सोडवणारी माणसं उभी राहून बघायला लागली. आणि दादांचा हात दांड्यावरून निसटला. मी धावले. अप्पांनी माझं कोपर धरलं.

"त्यांचं त्यांला करू दे, बाई."

दादांनी उजवा हात मांडीला घासत घासत वर आणला, पुन्हा दांड्यावर टेकवला. एक वळसा. थांबा. एक वळसा. मरळ काठाला आली, कोपराएवढी.

अप्पांनी हात जोडले. "सोडा आता."

"आज न्हाई, अप्पा. आज हिच्या मायला दाखवायचीय."

अप्पांनी पाण्याकडं तोंड फिरवलं. "मग ते काळं मलाच राहू द्या. मी सोडीन उद्या दोन जास्तीचे."

दादांनी माझ्याकडं सुतळी मागितली आणि उजवं मनगट पुढं केलं. "हितं बांध."

येताना मी बाहेरच्या रस्त्यानं वळणार होते. दादा म्हणाले, बाजारातून घे. अप्पा आमच्या बरेच पुढं, या माणसांशी आपला काही संबंध नाही असं तोंड करून. मागं दादा, उजव्या हाताला मरळ लोंबतेय. हॉटेलच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "आवो डायवर, कुठं धरली?"

दादांनी माझ्या पाठीवर डाव्या हातानं थाप मारली.

"हळू चालव की गं. घाई काय हाय?"