मान्यवर मंचावर, आम्ही मातीत

मान्यवर खाली उतरायला तयार नव्हते.

गुरव सरांनी माइकवरून तिसऱ्यांदा विनंती केली. "मंचावरील सर्व सन्माननीय पाहुण्यांनी समोरच्या राखीव आसनांवर स्थानापन्न व्हावे, म्हणजे पुढील नृत्याविष्कार सुरू करता येईल." सन्माननीय पाहुण्यांनी एकमेकांकडे बघून स्मित केलं आणि ते बसून राहिले. एकाने चहा मागवला.

मी विंगेत, म्हणजे एका निळ्या कापडामागे, सहा विद्यार्थिनींना घेऊन उभी होते. मी कन्टेम्पररी डान्स शिकवते. राहते कर्जतला, क्लास खोपोलीत, शिळफाट्याजवळ. हा नाच म्हणजे काय हे सांगायला घेतलं की ऐकणाऱ्याला जांभया येतात, म्हणून थोडक्यात सांगते. यात नाचणारा जमिनीला घाबरत नाही. तो पडतो, गडगडतो आणि टप्पा खाल्लेल्या चेंडूसारखा त्याच जोरावर परत उठतो. याला फ्लोअरवर्क म्हणतात. पडताना अंग आवळून धरलं तर हाड मोडतं, म्हणून ते सैल सोडायला शिकावं लागतं. ते रिलीज. या विषयावर याहून जास्त जे लिहिलं जातं, त्यातलं निम्मं अनुदानाच्या अर्जासाठी असतं.

आमचा क्लास एका ट्रस्टच्या बॅडमिंटन हॉलमध्ये चालायचा. त्या हॉलची जमीन लाकडी आहे आणि फळ्यांखाली पोकळी आहे. पडलं की ती किंचित दबते. बाकीचे सगळे हॉल टाइल्सचे. टाइल्सवर वर्षभर फ्लोअरवर्क केलं तर विद्यार्थिनी थेट हाडांच्या डॉक्टरकडे जातील. पण बॅडमिंटनवाल्यांनाही संध्याकाळचीच वेळ हवी होती. निर्णय ट्रस्टचे चेअरमन जनूशेठ यांच्या हातात होता. त्यांना आमच्याविषयी जी माहिती होती, ती वॉचमनकडून मिळालेली.

"मॅडम, तुमच्या पोरी नाचत नाय. लोळतात," ते मला म्हणाले होते.

"तेच शिकवते, शेठ."

"लोळायला शिकवावं लागतं?" त्यांनी खरंच विचार केला. "ट्रस्टच्या वर्धापनदिनाला करून दाखवा. बघतो, मग ठरवू."

म्हणजे आजचा नाच झाला नाही, तर क्लास गेला. तालुक्यात दुसरी लाकडी जमीन मला माहीत नव्हती.

आदल्या दिवशी ट्रस्टच्या मैदानावर उभारलेल्या रिकाम्या मंचावर आमची रिहर्सल छान झाली होती. आज त्याच मंचावर दोन रांगा सोफे, त्यांच्यापुढे काचेची टेबलं, टेबलांवर पुष्पगुच्छ आणि एका कोपऱ्यात समई. पुढे उरली होती ती एका माणसाने जपून चालायची जागा.

गुरव सर घाम पुसत कापडाआड आले. ते शाळेत भूगोल शिकवतात आणि गावातल्या सगळ्या कार्यक्रमांचं निवेदन करतात.

"सर, काय अडलंय?"

"अहो, जनूशेठ आधी उतरले तर प्रमुख पाहुणे दाभाडेसाहेब वर राहिले असं दिसतं. दाभाडे उतरले तर जनूशेठ वर राहतात. दोघांचे पक्ष वेगळे. आणि ते दोघं उठल्याशिवाय बाकीचे कसे उठणार?"

"मग दोघांना एकदम उठवा."

"मागच्या वर्षी उठवले होते. जिन्यात अडकले."

मग सर हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पुढच्या पट्टीत उभ्याउभ्या काय जमतं ते करा. लोळणं या खेपेला राहू द्या. नायतर नृत्य रद्द करून लकी ड्रॉ घेतो. लोकं त्यालाच थांबलीत."

उभ्याउभ्या करायचं तर आमचा अर्धा नाच गेलाच. त्यातही समईजवळ कुणाची ओढणी पेटली असती.

यास्मिन कापडाच्या फटीतून बाहेर बघत होती. ही माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाइकाला तोंडावर खरं सांगते.

"ताई, ते उठणार नाय," ती म्हणाली. "पण त्यांच्यासाठी खाली ठेवलेल्या सोफ्यांवर कोण बसलंय?"

"कोणी नाही."

"मग आपण तिथं नाचू. त्यांना वरती मुक्काम करू दे."

मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "कोणाला उठवायचं नाय ना? मग करा काय ते."

मंडपवाल्याच्या पोरांनी खालचे रिकामे सोफे बाजूला ओढले. खाली हिरवी नायलॉनची मॅट होती. तिच्यावर उघडा खांदा घासला की कातडं सोलून निघतं. मॅट गुंडाळायला सांगितली, तर खाली कबड्डीची माती. गेल्याच आठवड्यात इथे स्पर्धा झाली होती. पाणी मारून मऊ केलेली, खडा वेचलेली. मी वाकून हात फिरवला. परदेशी पाहुण्यांसाठी घातलेल्या स्टेजवरही मला इतकी चांगली जमीन मिळालेली नाही.

"ताई, कपडे पांढरे हायत," मागून कुणीतरी म्हणालं.

"होते, असं म्हण," यास्मिन म्हणाली.

गुरव सरांनी घोषणा केली. आमच्या नाचाचं नाव होतं 'अवकाशाचे मौन'. नाव मीच दिलं होतं. पत्रिकेत काहीतरी छापावं लागतं.

मौन फार टिकलं नाही. मागच्या लोकांना दिसेना, म्हणून ते खुर्च्या सोडून पुढे आले आणि तिन्ही बाजूंनी कडं करून उभे राहिले. पहिली मुलगी उभ्याची आडवी झाली, खांद्यावरून गडगडली आणि उठली. कड्यातून "ओऽऽ" झालं. मग दोघी एकमेकींवर रेलून, एकमेकींच्या भाराने फिरायला लागल्या आणि एक म्हातारबाबा ओरडले, "पकड! सोडू नको गं तिला!"

मुंबईत माझा नाच लोक दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे बघतात. इथे प्रत्येक पडण्यावर मत होतं. "पाय बघ, पाय." "आरं, हात टेकलाच नाय!" मुली आधी दचकल्या, मग त्यांना चव आली. यास्मिन रिहर्सलमध्ये कधी पडली नव्हती इतकी बिनधास्त पडली. माती तिच्या केसांत गेली आणि ती चक्क हसत होती. माझ्या गुरूंनी तिला त्याबद्दल वर्गाबाहेर काढलं असतं.

मी मंचाकडे बघितलं. मान्यवर सोफे सोडून मंचाच्या कडेला आले होते आणि वाकून खाली बघत होते. नाच संपेपर्यंत जनूशेठ जिना उतरून कड्यात घुसले होते. दाभाडेसाहेब त्यांच्या आधी उतरले की नंतर, हे कुणालाच सांगता आलं नाही.

टाळ्या ओसरल्यावर शेठ माझ्याकडे आले.

"ती हार्डवेअरवाल्याची पोरगी पडताना हात टेकत नाय. हे कुठं शिकली?"

"तुमच्याच हॉलमध्ये, शेठ."

"आमच्या कबड्डी संघातली पोरं पडली की मनगट धरून येतात. ऐन स्पर्धेत दोघं बाहेर बसले."

"आधी हात पुढे जातो ना, म्हणून. पाठवा माझ्याकडे. पण लोळावं लागेल."

शेठनी मैदानाकडे पाहिलं. "लोळतील," ते म्हणाले.

संध्याकाळची वेळ आम्हाला मिळाली. बॅडमिंटनवाले सकाळी खेळतात आणि आमच्याशी बोलत नाहीत. ट्रस्टच्या बोर्डावर आमचं नाव 'कबड्डीपूरक व्यायाम वर्ग' असं लागलं आहे. नाच हा शब्द त्यात नाही. मी तक्रार केलेली नाही. संघातली मुलं पहिल्या दिवशी छाती काढून खांबासारखी उभी राहिली. यास्मिन त्यांच्यातून फिरत म्हणत होती, "सैल सोड रं. इथं कोण तुझा बॅनर लावतंय?" आठवड्याभरात मुलं बरी पडायला लागली. छाती आत जायला मात्र वेळ लागतो आहे.

हल्ली कुठे जागा मागायला गेले, तर मी कला, संस्कृती, अभिव्यक्ती असले शब्द काढत नाही. मनगटापासून सुरुवात करते. लोक लगेच खुर्ची पुढे ओढतात.